दोन्ही ढिगांचा उतारा

मारेगाव, २८ ऑक्टोबर २००४

पायल,

जय भीम. पुढे 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, ते खोडलं. रागावलेल्या माणसाचे आशीर्वाद तू घेणार नाहीस, आणि मी अजून रागातच आहे.

तुझ्या होस्टेलला दोनदा फोन लावला. मेट्रन म्हणते, ड्युटीवर आहे. नर्स चोवीस तास ड्युटीवर असते हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून हे पत्र. पत्र आलं की निदान हातात तरी धरावं लागतं.

दसऱ्याला तू नागपूरहून दीक्षाभूमी करून घरी आलीस आणि दुसऱ्या दिवशी आपलं वाजलं. 'बापाच्या जिवापरीस पुण्याची नोकरी मोठी झाली तुले' हे मी सगळ्या माणसांसमोर बोलायला नको होतं. पण तूही काही कमी केली नाहीस. 'काका, तुम्हाले बाबाले वाचवायचं नाही, तुम्हाले जिंकायचं हाये.' सख्ख्या काकाला कोणी असं बोलतं? तुझ्या नर्सिंगच्या अॅडमिशनला तीन दिवस रांगेत कोण उभं होतं, ते राहू दे. भांडणात तेही मी काढलंच होतं.

मुद्द्यावर येतो. तुझ्या बाबाचा, श्रावणभाऊचा, डावा डोळा दोन वर्षांपूर्वी काढला. डोळ्यातला मेलानोमा, म्हणजे कॅन्सरच. नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, पेशी त्याआधीच निसटल्या होत्या, त्या आता यकृतात जाऊन वाढल्या. चौथी स्टेज. त्यांच्याकडचे असे पेशंट सरासरी सहा-आठ महिने जगतात. घरी ठेवा, दुखू देऊ नका, आवडेल ते खाऊ द्या. तू लगेच मान डोलावलीस.

हैदराबादच्या दवाखान्यात मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून थेट यकृतात औषध सोडतात आणि गाठीचं रक्त अडवतात. मी तिथं कागदपत्रं पाठवून विचारलं. त्यांचे असे पेशंट सरासरी दीड वर्ष जगतात. आजार तोच, स्टेज तीच, चौथी. इकडे आठ महिने, तिकडे दीड वर्ष. यात न कळण्यासारखं काय आहे, मला सांग.

बावीस वर्षं मी कापूस फेडरेशनच्या खरेदी केंद्रावर प्रत लावणारा ग्रेडर आहे. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घातला की तळाला काय दडवलंय ते मला कळतं. दोन मालांची तुलना कशी करायची हे तू मला शिकवू नकोस.

आणि शेवटचं. ही तुझ्या बाबाचीच मर्जी आहे. तो स्वतः म्हणाला, 'धर्मा, नेऊन पाह्य बरं एकदा.' आता त्याच्या मर्जीपुढे तू आणि मी कोण? दिवाळी झाली की निघतो. तुझ्या आईला विचारलं, मथुरावहिनी सोबत येणार आहेत.

तुझा काका,
धर्मपाल


हैदराबाद, २३ नोव्हेंबर २००४

पायल,

झालं. नळी घातली, औषध सोडलं. श्रावणभाऊ छान आहे.

छान म्हणजे थोडा ताप आहे. उलट्या होतात, पण त्या होतातच म्हणतात. पहिले दोन दिवस पोट धरून पडून होता, आता कुशीवर झोपतो. भात जात नाही, ताक जातं. तू नर्स आहेस, तुला हे नवीन नाही.

थट्टा मात्र सुटलेली नाही. इथल्या सिस्टरला म्हणाला, 'मी पेंटर हाये बाई, तुमच्या दवाखान्याचा बोर्ड तिरपा हाये, एका डोळ्यानं दिसते मले.' ती घाबरून पाहूनच आली. खरंच तिरपा होता. मग तिला डोळा मारला आणि नेहमीचं ऐकवलं, 'काचेचा डोळा मिटत नाही आन् चांगला मिटला की सारा अंधार. म्हनून मी ज्याले डोळा मारतो, त्याचं तोंडच मले दिसत नाही.' तिला मराठी कळलं नाही तरी हसली. तिथं फक्त वहिनी हसल्या नाहीत.

इथं कर्नूलचे एक गृहस्थ भेटले. हाच आजार, हीच चौथी स्टेज, हाच इलाज. तीन वर्षं झाली! स्वतः चालत येतात, जेवणाचा डबा स्वतः घेऊन येतात. मी त्यांचा हात धरून श्रावणभाऊच्या खाटेपाशी नेलं आणि म्हटलं, 'पाह्य.' तुला चालताबोलता पुरावा हवा असेल तर हा घे.

तुझा नमस्कार मी बाबाला सांगितला. तू सांगितला नव्हतास, तरी सांगितला. आजारी माणसापाशी एवढं चालतं.

काका


मारेगाव, १६ जानेवारी २००५

पायल,

दुसरी वेळ गेल्या आठवड्यात झाली. परवा परत आलो. तुझं पत्र येऊन पडलं होतं.

इतक्या महिन्यांनी पत्र आलं, आणि त्यात एकच ओळ. 'यकृतातली सगळ्यात मोठी गाठ किती सेंटिमीटरची आहे?' बाप कसा आहे नाही, काका कसा आहे नाही. तू पुण्याला नर्स झालीस की तलाठी?

गाठ केवढी याला काय महत्त्व आहे ते मला समजलं नाही. चौथी स्टेज म्हणजे चौथी स्टेज. एकदा गाडीवर एक नंबरची चिठ्ठी लागली की तो एक नंबरचा माल, मग गाडी भेंडीच्या लाकडाची असो की बाभळीच्या.

तरी तू विचारलंस म्हणून रिपोर्ट काढून पाहिला. दहा सेंटिमीटरच्या वर आहे. मोठी मोसंबी. बारक्या आणखी बऱ्याच आहेत, त्या मोजलेल्या नाहीत.

या खेपेला तो घरी येताना बसमध्ये बोलला नाही. पांढरकवड्याला गाडी थांबली, तिथं बसस्टँडवरचा एक बोर्ड त्यानंच रंगवलेला आहे. मी म्हटलं, 'भाऊ, तुहा बोर्ड.' त्यानं मान वळवली नाही. थकला असेल. तिसरी वेळ एकवीस फेब्रुवारीला दिली आहे.

कर्नूलचे गृहस्थ या वेळीही भेटले. जाड झाले आहेत.

काका


मारेगाव, १३ फेब्रुवारी २००५

पायल,

हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडलं. आता फाडणार नाही.

यंदा कापूस एवढा आला आहे की केंद्राबाहेर गाड्यांची रांग पार वणीच्या रस्त्याला लागते. माणसं गाडीखालीच झोपतात, तिथंच भाकरी खातात. परवा तांड्यावरचा पूनमसिंग आला. मी हात घातला आणि दोन नंबर सांगितला. तो काही शिव्या देणारा माणूस नाही. एवढंच म्हणाला, 'साहेब, दोन वर्षांमांगं असाच कापूस तुम्ही एक नंबरात घेतलता. कापूस नाही बदलला, तुमची रेघ सरकली.'

मागची गाडी ओरडायला लागली तरी माझा हात कापसातच.

तुला हे सांगायला हवं. मागच्या हंगामात आमच्या केंद्राच्या मालाचा उतारा कमी येतो म्हणून वरून ओरड झाली. उतारा म्हणजे जिनिंगमध्ये कापसातून सरकी काढल्यावर रुई किती निघते ते. मी काय केलं? एक नंबरच्या ढिगातला काठावरचा, जरा हलका माल दोन नंबरात ढकलायला लागलो. हलका माल निघून गेला म्हणून एक नंबरचा उतारा चढला. आणि तो हलका माल दोन नंबरच्या मालापेक्षा मात्र चांगलाच होता, म्हणून दोन नंबरचाही उतारा चढला. दोन्ही ढीग सुधारले. एका झाडाचं एक बोंड बदललं नव्हतं. शेतकऱ्याला भाव कमी मिळाला, आणि मला यवतमाळला बोलावून शाल-श्रीफळ मिळालं. तुझ्या बाबानंच त्या सत्काराचा बॅनर रंगवला होता.

ही युक्ती माझी स्वतःची, पायल. मी ती रोज करत होतो. आणि हीच युक्ती माझ्यासमोर मांडून ठेवलेली असताना मला दिसली नाही. दिसली नाही म्हणतो, ते खरं आहे की मी पाहिली नाही, हे मलाच नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि एकटा नागपूरला गेलो. डॉक्टरीणबाई ओळखतील असं वाटलं नव्हतं. ओळखलं. मी म्हटलं, बाई, ग्रेडर माणसाला समजेल असं सांगा. त्यांनी सांगितलं.

त्यांच्याकडे माणूस कधी येतो? पोट फुगलं, जेवण तुटलं, कावीळ दिसली म्हणजे. तोवर गाठ मोसंबीएवढी झालेली असते. हैदराबादच्या त्या दवाखान्यात डोळा काढलेल्या लोकांची दर सहा महिन्यांनी भारीतल्या मशीनवर तपासणी होते. त्यांना गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी असताना सापडते. माणूस धडधाकट असतो, पण त्याच्या कागदावरही चौथी स्टेजच लिहिली जाते. नागपूरच्या साध्या सोनोग्राफीत ती गाठ दिसलीच नसती आणि तोच माणूस 'अजून पसरलेला नाही' या ढिगात बसला असता. असे धडधाकट लोक चौथ्या स्टेजमध्ये टाकले की तिची सरासरी वाढणारच. आणि ते 'अजून पसरलेला नाही' या ढिगातून निघून गेले की त्या ढिगाचीही वाढते.

शिवाय नळीचा इलाज ते देतातच मुळी निवडून. गाठी लहान, रक्त बरं, माणूस चालता-फिरता असेल तर आधी त्याला. मग ते दीड वर्ष इलाजाचं किती आणि त्या माणसांचं किती, हे कोणालाच वेगळं करून सांगता येत नाही. बाई म्हणाल्या, 'इलाज वाईट आहे असं मी म्हणत नाही. लहान गाठींच्या लोकांना त्यांनी लहान गाठींच्याच लोकांशी ताडून पाहिलं असतं, तर मीही ऐकलं असतं.' म्हणून तुझी ती एक ओळ. किती सेंटिमीटर. मी तुला तलाठी म्हटलं.

कर्नूलच्या गृहस्थांचं मी त्याच संध्याकाळी हैदराबादला फोन करून विचारलं. सापडली तेव्हा त्यांची गाठ वाटाण्याएवढी होती, एकच. डॉक्टर चांगला माणूस आहे. म्हणाला, 'आपके भाई का केस अलग है, ये मैंने पहले दिन बताया था.' बताया था. मला आठवतं. मी मान डोलावत होतो आणि डोक्यात दीड वर्ष, दीड वर्ष चाललं होतं.

बाईंना मी आणखी एक विचारलं, ते तुलाही सांगून टाकतो. डोळा काढल्यावर सहा-सहा महिन्यांनी पोटाची तपासणी सांगितली होती. दोन झाल्या. तिसरीच्या वेळी फेडरेशनच्या सगळ्या केंद्रांचे बोर्ड रंगवायचं काम मी त्याला मिळवून दिलं होतं, आणि मीच म्हटलं, 'सीझन होऊ दे भाऊ, मंग जाऊ.' ती राहिली ती राहिलीच. तेव्हा कळलं असतं तर तो वाचला असता का?

बाई म्हणाल्या, 'कदाचित थोडा जास्त जगला असता. कदाचित जायचाय त्याच दिवशी गेला असता, फक्त तुम्हाला सहा महिने आधी माहीत झालं असतं. कागदावर तेही जास्त जगल्यासारखंच दिसतं.'

मला वाटलं होतं त्या एक तर मला सोडवतील, नाही तर फाशी देतील. दोन्ही केलं नाही. बसस्टँडवर येऊन मी रडलो, पायल. शेजारी एक बाई संत्री विकत होती, तिनं एक सोलून माझ्या हातात दिलं.

एकवीस तारीख रद्द केली. या वेळी मी तुझ्या बाबाला विचारलं, काय करायचं. तो म्हणाला, 'आता घरीच राह्यतो ना बाप्पा. पोट्टीले बोलाव.'

तू दसऱ्याला बरोबर होतीस. हे मी सगळ्या माणसांसमोर म्हणायला हवं. तू ये, म्हणजे म्हणतो.

धर्मपालकाका


मारेगाव, १९ फेब्रुवारी

पायल, कार्ड टाकतो आहे कारण पाकीट लिहायला वेळ नाही. त्याच्या पायावर सूज चढली आहे. सुट्टी मिळत नसेल तर तशीच निघ. यवतमाळला उतर, तिथून मारेगावची गाडी मिळेल. मी स्टँडवर येईन. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी नुसती बॅग उचलीन. काका.


मारेगाव, १७ एप्रिल २००५

प्रिय पायल,

तुझं पत्र जयंतीच्या दिवशी मिळालं. तुझा बाबा गेला त्याला महिना होऊन गेला, पण चौकात त्यानं मागच्या वर्षी रंगवलेलाच बॅनर लावला होता, पोरांनी नुसता आकडा बदलून घेतला. त्याच्याखाली उभं राहून पत्र वाचलं.

तू लिहिलंस, 'काका, बाबांनी स्वतः सांगितलं की हैदराबादला जायची मर्जी त्यांचीच होती. मग मी तुमच्यावर राग कशाला धरू? मे महिन्यात सुट्टी आहे. आईकडे गर्दी होईल, मी तुमच्याकडेच उतरेन.'

वहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, 'झालं बाई, मिटलं.' घरी आलो. तुझ्या काकूनं तुझी ती खोली झाडून काढली, गादी उन्हात टाकली. मी मात्र रात्रभर जागा. पत्राचं उत्तर सोपं होतं. 'ये' एवढंच लिहायचं होतं.

पायल, त्याची मर्जी नव्हती.

दसऱ्याला भांडून तू निघून गेलीस, त्याच दुपारी तो मला म्हणाला, 'मले कुठीच नेऊ नको धर्मा. पोट्टी बराबर सांगून राह्यली.' मी ऐकलं नाही, रोज मागं लागलो. आठ महिने आणि दीड वर्ष, आठ महिने आणि दीड वर्ष. शेवटी तो गप्प झाला. त्या गप्प बसण्यालाच मी मर्जी म्हटलं आणि तुला तसं लिहिलं. 'नेऊन पाह्य बरं एकदा' हे वाक्य माझं आहे. त्याच्या बोलीत लिहिलं म्हणजे तुला खरं वाटेल, एवढी अक्कल मला होती.

याहून वाईट पुढे आहे. हैदराबादला कागदांवर सह्या करायच्या आधी त्यानं माझा हात धरला. म्हणाला, 'पायलले इचार. थे म्हनन तसं करू.' मी खाली फोनच्या बूथवर गेलो. तुझा नंबर लावला नाही. लावला असता तर तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक होतं. बाजूच्या टपरीवर चहा घेतला, फोन करायला लागतो तेवढा वेळ काढला आणि वर येऊन त्याला सांगितलं, 'बोललो. पायल म्हनते, काका म्हनते तसं करा बाबा.'

त्याचा चेहरा उजळला गं. 'मंग ठीक हाये,' म्हणाला. 'पोट्टीच्या मनात असन तं करू.' दुसऱ्या खेपेला तर त्यानं विचारलंही नाही. त्या नळ्या, तो ताप, ती बसमधली पोट धरून काढलेली वाट, सगळं त्यानं तुझ्यासाठी सोसलं. मी दोन माणसांवर एकमेकांच्या नावाची चिठ्ठी लावली, आणि दोघांनीही तिच्यावर भरवसा ठेवला.

आता तो दिवस आठव. तू आलीस त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. तू त्याला उठवून बसवलं होतंस, पाठीशी उशी लावत होतीस. मी दारात उभा. तू विचारलंस, 'बाबा, मी तं पहिल्यापासून नको म्हनत होती. तरी तुम्ही गेले. तुमचीच मर्जी होती ना?'

तो लगेच बोलला नाही. तुला वाटलं असेल धाप लागली. धाप नव्हती. त्या वेळी त्याला कळलं की तू कधीच हो म्हणाली नव्हतीस. मला दारातून त्याचा चेहरा दिसत होता. एका शब्दात तो माझी चामडी सोलू शकला असता, आणि मी तयारही होतो.

'हाव माय,' तो म्हणाला, 'माह्यीच मर्जी होती.' आणि तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे वळून त्यानं डोळा मारला.

तू उशी लावायला त्याच्या पाठीमागं वाकली होतीस, तुला ते दिसलं नाही. तेवढा वेळ त्यालाही माझं तोंड दिसलं नसेल.

तू ज्याच्या भरवशावर मला माफ केलंस तो त्याचा शब्द आहे, माझा नाही, आणि तो खोटा आहे. गादी उन्हातून आणून ठेवली आहे. हे वाचून झाल्यावर मे महिन्यात कुठं उतरायचं ते तू ठरव. तुझ्या नावावर मी पुन्हा कोणाला काही सांगणार नाही.

धर्मपाल